घराण्यातला हृदयविकार: रक्तातला किती, राहणीतला किती?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आत चरबीचे थर साचत जातात. त्यातला एखादा थर अचानक फाटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते. लोक ज्याला ‘अटॅक’ म्हणतात तो हाच. थर साचायला वीस-तीस वर्षे लागतात. गुठळी काही मिनिटांत होते. या वीस-तीस वर्षांत कोणाच्या धमन्या खराब होतात, कोणाच्या होत नाहीत आणि का, याचा शोध दोन बाजूंनी घेतला जातो. साथरोगशास्त्रज्ञ हजारो माणसांच्या सवयी, मोजमापे आणि मृत्यू यांची नोंद ठेवून त्यांतला संबंध तपासतात. जनुकशास्त्रज्ञ आई-वडिलांकडून आलेल्या वारशात कारण शोधतात. ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ असे गावात सहज म्हटले जाते. पण घराण्यातून जनुकांबरोबर स्वयंपाकाच्या पद्धती, तंबाखूची चंची आणि डोक्यावरचे कर्जही पुढच्या पिढीकडे जाते. यातल्या कशाचा वाटा किती, हे वेगळे काढणे हेच या संशोधनाचे मुख्य काम आहे.

खेड्यातले मृत्यू कसे मोजतात?

भारतात १९९० मध्ये एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झाले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर गेले आणि त्यातले निम्म्याहून अधिक मृत्यू सत्तरीच्या आतले होते. हे आकडे राज्यनिहाय आजारभाराच्या राष्ट्रीय अभ्यासातले आहेत. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात असा हिशेब करणे सोपे नसते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. पाचांतली जवळपास चार माणसे खेड्यात राहणारी. खेड्यातला मृत्यू बहुधा घरी होतो आणि कारण लिहून देणारा डॉक्टर तिथे नसतो.

यावर उपाय म्हणून महानिबंधक कार्यालयाच्या नमुना नोंदणी पद्धतीत मृताच्या घरी जाऊन चौकशी केली जाते. प्रशिक्षित कर्मचारी जवळच्या नातेवाइकाला विचारतो: छातीत दुखले होते का? कळ डाव्या हाताकडे गेली का? दरदरून घाम आला का? दम लागत होता का, पाय सुजले होते का? बी.पी., शुगरच्या गोळ्या चालू होत्या का? दुखायला लागल्यापासून किती वेळात जीव गेला? घरच्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली जाते. ती दोन डॉक्टर एकमेकांशी न बोलता वाचतात आणि कारण ठरवतात. मत जुळले नाही तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निर्णय देतो. याच पद्धतीवर डॉ. प्रभात झा यांच्या पुढाकाराने दहा लाख मृत्यूंचा अभ्यास उभा राहिला.

त्यातून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष शहरी डॉक्टरांनाही अनपेक्षित होता. २००० ते २०१५ या काळात ३० ते ६९ वयोगटात हृदयधमनीविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण खेड्यांत वाढत गेले आणि त्याने शहरांना मागे टाकले. १९७० नंतर जन्मलेल्यांमध्ये ही वाढ विशेष दिसली. अंगमेहनत करणाऱ्या शेतकऱ्याला हा आजार होत नाही, असे आता म्हणता येत नाही.

रेल्वेच्या नोंदवह्यांतला धडा

निरोगी माणसांची आधी नोंद करायची, मग वर्षानुवर्षे त्यांच्या मागावर राहायचे, ही पद्धत अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाने रूढ केली. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. पुढे त्यांची मुले आणि नातवंडेही अभ्यासात आली. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही हृदयविकाराची पूर्वसूचना असते, हे आज सर्वांना पाठ असलेले ज्ञान तिथून आले.

भारतातला एक महत्त्वाचा जुना अभ्यास मुंबईतून झाला. पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेल्वेचा फायदा असा, की नोकर एकाच प्रकारचे, दवाखाने एकाच पद्धतीचे आणि नोंदी सगळ्या प्रांतांतल्या. दक्षिणेत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पंजाबच्या सुमारे सातपट निघाले. पंजाबी माणसाच्या ताटात दूध-तुपाची चरबी मात्र दाक्षिणात्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. सगळा दोष तुपावर टाकून मोकळे होणे या आकड्यांनी अवघड केले.

मृत्यूच्या दाखल्यांवर बेतलेल्या अभ्यासाला मर्यादा असतातच. निदान प्रत्येक ठिकाणी सारख्याच काटेकोरपणे होते असे नाही. पण या अभ्यासाचा पुढचा भाग काळानेच लिहिला. २०१६ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचे सर्वाधिक प्रमाण असलेल्या राज्यांत केरळ आणि तमिळनाडूच्या जोडीला पंजाब होता. महाराष्ट्र आणि गोवा त्यांच्या पाठोपाठच्या गटात होते. पन्नास वर्षांत कोणत्याही समाजाची जनुके बदलत नाहीत. पंजाबात जे बदलले ते राहणीमानच.

याच मुद्द्यावर १९९५ मध्ये लंडनमधून आणखी नेमका पुरावा आला. पश्चिम लंडनमध्ये स्थायिक झालेले पंजाबी आणि पंजाबात राहिलेली त्यांची सख्खी भावंडे यांची तुलना करण्यात आली. लंडनवाल्यांचे वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल भावंडांपेक्षा जास्त होते. लायपोप्रोटीन-ए नावाचा एक घटक मात्र दोन्हीकडे सारखाच, आणि तोही गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा वरचढ निघाला. या घटकाची पातळी मुख्यतः एका जनुकावर ठरते. पथ्यपाण्याने ती फारशी हलत नाही. एकाच आईच्या लेकरांमध्ये काय परदेशी जाऊन बदलले आणि काय बदलले नाही, हे पाहून राहणी आणि वारसा असे वेगळे करता आले.

नागपूरचे नाव असलेला अभ्यास

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात ५२ देशांतले पहिल्यांदा अटॅक आलेले रुग्ण आणि त्यांच्याच वयाची निरोगी माणसे यांची तुलना झाली. कोलेस्टेरॉलशी निगडित प्रथिनांचे बिघडलेले गुणोत्तर, तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची पद्धत या नऊ गोष्टींनी जगभरातल्या पहिल्या अटॅकच्या जोखमीपैकी पुरुषांत ९० टक्के आणि स्त्रियांत ९४ टक्के जोखीम स्पष्ट होते, असे त्यातून दिसले.

त्यातल्या दक्षिण आशियाई रुग्णांचे वेगळे विश्लेषण २००७ मध्ये आले. त्याचे पहिले लेखक डॉ. प्रशांत जोशी हे नागपूरचे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका येथील १,७३२ रुग्ण आणि २,२०४ निरोगी माणसे त्यात होती. पहिल्या अटॅकचे सरासरी वय इथे ५३ वर्षे होते. इतर देशांत ते जवळपास ५९ होते. चाळिशीच्या आत अटॅक आलेल्यांचे प्रमाण इथे ८.९ टक्के, तर इतरत्र ४.४ टक्के होते. रोज फळे-भाज्या खाणारे निरोगी लोक इथे २६.५ टक्के, तिकडे ४५.२ टक्के. मुख्य निष्कर्ष असा होता: दक्षिण आशियाई माणसाला सहा वर्षे आधी अटॅक येतो तो बहुतांशी त्याच्यात हे जोखमीचे घटक कमी वयातच जमा झालेले असतात म्हणून. ‘भारतीयांचे जनुकच वाईट’ हे सोपे उत्तर इथे टिकत नाही.

तंबाखूबाबत मूळ इंटरहार्ट अभ्यासाने विदर्भाला थेट लागू होणारी माहिती दिली. बिडी ओढणाऱ्यांत अटॅकचा धोका तंबाखू न वापरणाऱ्यांच्या २.८९ पट आढळला; तंबाखू नुसती चघळणाऱ्यांतही तो २.२३ पट होता. म्हणजे धूर नसला तरी हृदयाची सुटका नाही. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक बिनधुराची तंबाखू वापरत होते, धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. चुना लावून मळलेली तंबाखू दाढेत धरणाऱ्याची स्वतःला निर्व्यसनी समजण्याची पद्धत म्हणूनच महागात पडते.

इंटरहार्टच्या यादीतल्या मानसिक ताणात पैशाची विवंचनाही मोजली होती. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे विशेष पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे.

वारसा: एका जनुकाचा आणि हजारोंचा

जनुकांचा वाटा आहे हे जुळ्यांवरून सिद्ध झाले. स्वीडनमधल्या २१ हजार जुळ्यांच्या अभ्यासात, १९९४ मध्ये, असे आढळले की एक भाऊ पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेला तर एकसारख्या जुळ्या भावाचा धोका आठपट होतो. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत तो चौपटीच्या आसपास असतो. घर एकच, फरक जनुकांच्या साम्याचा.

काही घराण्यांत एकच जनुक पुरेसे ठरते. यकृतातल्या पेशींवर रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेणारी दारे असतात. ती घडवणारे जनुक बिघडले तर कोलेस्टेरॉल जन्मापासूनच चढे राहते. सुमारे ३०० माणसांत एकाला हा कौटुंबिक दोष असतो. बोटांच्या पेरांवर किंवा टाचेमागच्या शिरेवर पिवळसर गाठी, आणि घरात पस्तिशी-चाळिशीतले अटॅक, या त्याच्या खुणा. या दारांच्या शोधासाठी मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे काही लोकांत पीसीएसके-९ नावाचे जनुक जन्मतः निकामी असते आणि त्यांना हृदयविकार फार क्वचित होतो, असे दिसले. त्यावरून कोलेस्टेरॉल उतरवणारी नवी इंजेक्शने तयार झाली. जनुकसंशोधनाचा रुग्णाला झालेला सर्वांत ठोस फायदा हाच.

दुसरे उदाहरण खास भारतीय उपखंडाचे आहे. हृदयाच्या स्नायूच्या आकुंचनावर ताबा ठेवणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक मायबीपीसी-३ या नावाने ओळखले जाते. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की या जनुकातली २५ अक्षरे गळालेली माणसे उपखंडात सुमारे ४ टक्के आहेत. जगाच्या इतर बहुतेक भागांत हा बदल आढळत नाही. वाहकांना तरुणपणी बहुधा काही जाणवत नाही. उतारवयाकडे झुकताना त्यांच्यातल्या काहींचे हृदय अशक्त होते. ४ टक्क्यांची सरासरी बुलढाण्याला जशीच्या तशी लागू होत असेल, तर जिल्ह्यात लाखभर वाहक निघतील. मात्र त्यातले बहुसंख्य लोक या कारणाने आजारी पडत नाहीत. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांच्या अभ्यासातून २०१८ मध्ये असे दिसले की त्याच जनुकात दुसरा एक बदल सोबत असणाऱ्या थोड्या वाहकांतच हृदयाची हालचाल बदललेली आढळते.

सर्वसाधारण हृदयविकारात मात्र ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असाच हिशेब असतो. २००७ मध्ये नवव्या गुणसूत्रावरचा ९पी२१ हा भाग सापडला. तिथले विशिष्ट रूप आई-वडील दोघांकडूनही आले तर अटॅकचा धोका दीडपटीहून थोडा जास्त होतो. अशा शेकडो जागा त्यानंतर सापडल्या. एकेकीचा परिणाम किरकोळ. २०१८ मध्ये ६६ लाख जागांची बेरीज करून जोखमीचा गुणांक काढण्यात आला, आणि सुमारे ८ टक्के लोकांचा धोका इतरांच्या तिप्पट निघाला. अडचण अशी, की हे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या माणसांवर बेतलेले आहेत. भारतीयांना ते तितकेसे अचूक बसत नाहीत. आपल्याकडे शतकानुशतके पोटजातीतच लग्ने होत आल्याने एकेका समूहात काही दुर्मीळ बदल साठून राहिले आहेत. जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ समूहांतल्या सुमारे दहा हजार माणसांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, ती ही उणीव भरून काढण्यासाठी.

उच्च जनुकीय धोका म्हणजे अटळ नशीब नव्हे. २०१६ मध्ये ५५ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे दिसले की सर्वाधिक जनुकीय धोका असलेल्यांपैकी जे धूम्रपानापासून दूर, लठ्ठ नसलेले, व्यायाम करणारे आणि नीट खाणारे होते, त्यांचा धोका तसाच वारसा पण वाईट सवयी असणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा होता.

गर्भातला काळ

जनुके आणि सवयी यांच्यामध्ये एक तिसरा वारसा असतो: आईच्या पोटातले नऊ महिने. इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये दाईंनी लिहून ठेवलेली बाळांची वजने डेव्हिड बार्कर यांनी साठ-सत्तर वर्षांनी शोधून काढली. १९८९ मध्ये त्यांनी दाखवले की जन्मतः आणि पहिल्या वाढदिवसाला हलकी असलेली मुले पुढे हृदयविकाराने जास्त मेली.

हा विचार भारतीय मातीत तपासला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत लग्न झालेल्या स्त्रियांची नोंद करून त्यांच्या गरोदरपणाचा पाठपुरावा सुरू झाला. बाळ जन्मल्यावर लगेच वजन, लांबी, डोक्याचा आणि दंडाचा घेर मोजला जाई. मग दंडामागची आणि खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपरने घेतली जाई. कातडीखालच्या चरबीचा अंदाज त्यावरून येतो. ६३१ ग्रामीण बाळांची इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी तुलना झाली. आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, तिथले ३.५ किलोचे. आपल्या बाळाचे पोट लहान, दंड बारीक, स्नायू कमी. फऱ्याखालची चरबी मात्र वजनाच्या मानाने राखलेली. दिसायला किडकिडीत, पण चरबीने भरलेले असे हे बाळ.

हीच ठेवण मोठेपणीही टिकते. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. म्हणूनच भारतीय माणसात वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर जास्त खरे बोलतो. पुण्याच्या अभ्यासात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता मातांमध्ये सर्रास आढळली. ज्यांच्यात ते कमी पण फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला विरोध दिसू लागला होता. याचा शेवट मधुमेहात आणि पुढे हृदयविकारात होऊ शकतो.

खारपाणपट्ट्याचा प्रश्न

बुलढाण्यात संशोधनाला एक खास स्थानिक प्रश्नही आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतल्या अनेक गावांचे भूजल खारट आहे आणि तिथले मूत्रपिंडाचे आजार हा गावकऱ्यांच्या चिंतेचा विषय आहे. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब चढतो आणि चढलेला रक्तदाब हृदयावर येतो. ३२ देशांतल्या ५२ केंद्रांवर झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासाने १९८८ मध्ये मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध दाखवला होता. खारे पाणी म्हणजे जास्त बी.पी., असा निष्कर्ष काढावासा वाटतो.

बांगलादेशच्या किनाऱ्यावरचा अनुभव इथे सावध करतो. तिथे विहिरीच्या खाऱ्या पाण्याचा गरोदर स्त्रियांच्या वाढलेल्या रक्तदाबाशी संबंध २०११ मध्ये दिसला होता. २०१९ च्या अभ्यासात मात्र सौम्य खारे पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब गोडे पाणी पिणाऱ्यांपेक्षा किंचित कमी भरला. त्या पाण्यात सोडियमबरोबर रक्तदाब उतरवणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही होते. एका खोऱ्यातल्या पाण्याचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. पूर्णेच्या पाण्यातले क्षार, गावकऱ्यांच्या चोवीस तासांच्या लघवीतले सोडियम, त्यांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे काम हे सगळे एकत्र मोजल्याखेरीज उत्तर मिळणार नाही.

संशोधनातून आलेली मोजपट्टी

या सगळ्या संशोधनाचा सारांश आज आशा सेविकेच्या हातातल्या एका कागदावर सापडतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी ती जोखमीची तपासणी सूची भरते. वयाचे गुण, रोजच्या तंबाखूला २, रोजच्या दारूला १, आठवड्यात दीडशे मिनिटांपेक्षा कमी हालचाल असेल तर १. कमरेसाठी टेप: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या किंवा बाईची ८० च्या पुढे गेली की १, शंभर किंवा नव्वदच्या पुढे २. आई-वडील किंवा भावंडांना बी.पी., शुगर किंवा हृदयविकार असेल तर २. बेरीज चारच्या वर गेली की आरोग्य केंद्रात तपासणीला प्राधान्य. घराण्याचा इतिहास यात आहेच. पण रोज तंबाखू खाणाऱ्यालाही तेवढेच गुण मिळतात.

तपासणीनंतरचे उपचारही तितकेच निर्णायक असतात. १७ देशांच्या ‘प्युअर’ अभ्यासात २०१४ मध्ये दिसले की श्रीमंत देशांतल्या लोकांत जोखमीचे घटक जास्त असूनही अटॅक किंवा पक्षाघातानंतर दगावणारे ६.५ टक्केच होते. भारतासारख्या गरीब गटातल्या देशांत ते १७.३ टक्के होते. हा फरक मुख्यतः वेळेवर मिळणाऱ्या आणि नियमित चालू राहणाऱ्या उपचारांचा मानला जातो. ज्या घरात वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, किंवा आई-बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने गेली असेल, तिथल्या मुलांनी तिशीतच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तपासले तरी बहुधा पुरते. वारसा बदलता येत नाही. मात्र तो वेळेत कळला तर तंबाखू सोडणे, कंबर आटोक्यात ठेवणे आणि बी.पी.ची गोळी न चुकवणे यांचा सर्वाधिक लाभ त्याच घराला होतो.